बिलाच्या टेबलावरचा खाऊ

माझे वडील कापडाच्या गाठी वाहायचे. कोल्हापूरजवळच्या उचगावात आमचं दोन खोल्यांचं घर आणि जवळच कापडाची मोठी पेठ. ट्रकमधून उतरलेली गाठ पाठीवर घ्यायची, दुकानाच्या मागच्या दारानं गोडाऊनमध्ये टाकायची आणि पुन्हा ट्रककडं जायचं. दिवसभर पाठीवर कापड, पण अंगात सदरा एकच. आई तो रात्री धुवायची आणि सकाळी ते ओलसरच घालून निघायचे. आई घरी नगावर परकर शिवायची. नाड्या ओवायचं काम आम्हा भावंडांचं. शाळेतून आलं की दप्तर ठेवायच्या आधी हातात नाडी. परकर शिवायला देणारा दुकानदार उरलेल्या चिंध्या फुकट द्यायचा आणि आमचे कपडे त्यातूनच निघायचे. माझ्या फ्रॉकच्या दोन्ही बाह्या कधी एका रंगाच्या असल्याचं मला आठवत नाही. पावसाळ्यात ट्रक कमी यायचे. मग आमटी पातळ व्हायची आणि वडील विनाकारण चिडायचे. ते का, हे आम्हाला कळायचं.

या घरातली पहिली बारावी मी आणि पहिली पदवीधरही मीच. सकाळचं कॉलेज करून मी बी.कॉम. झाले, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. वडील ज्या पेठेत गाठी वाहायचे, तिथल्याच एका मोठ्या कापडदुकानात बिलं करायला माणूस पाहिजे होतं. मी गेले. गादीवर शेठ बसले होते. त्यांचं घराणं सिंधी, पण त्यांचा जन्म इथलाच. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचे.

"तू गाठीवाल्या बाळूची पोरगी ना?"

"व्हय. आणि बी.कॉम. पण हाय."

शेठ हसले आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून काउंटरच्या मागं बसले. वडील गाठ घेऊन मुद्दाम पुढच्या दारानं आले आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडले, "बाजूला व्हा मॅडम, गाठ आली!" सगळे हसले. त्यांच्याइतका खूश माणूस त्या दिवशी पेठेत दुसरा नसेल.

आता बाहेरच्यांसाठी आमचा धंदा थोडा सांगते. आमचं दुकान बस्त्याचं. लग्न ठरलं की मुलीकडचे आणि मुलाकडचे मिळून कापडखरेदीला येतात, त्याला बस्ता बांधणं म्हणतात. ट्रॅक्स भरून माणसं येतात. नवरीचा शालू, नवऱ्याचा सूट, दोन्हीकडच्या मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आत्या, माम्या, आज्ज्या. कुणाचं कापड कुणी घ्यायचं, हे आधीच बोलणीत ठरलेलं असतं. आमच्या बौद्ध समाजातला, म्हणजे पांढऱ्या साडीतल्या नवरीचा, बस्ता असला, तर सेल्समन सवयीनं हिरवा शालू उघडायला जायचा आणि मी काउंटरवरून सांगायची, "अरे, पांढऱ्यातलं काढ." खरेदी झाली की सगळं कापड एका मोठ्या चादरीत बांधायचं, गाठीवर हळद-कुंकू वाहायचं. आमच्या भागात एकदा बांधलेला बस्ता लग्नघरी जाईपर्यंत सोडत नाहीत. सोडला, म्हणजे लग्न मोडलं असंच समजतात.

म्हणून या धंद्यात एक प्रश्न मोठ्यानं विचारायचा नसतो: "हे कुणाच्या बिलात?" दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसलेली असतात. विचारायचंच असेल, तर ज्याचं त्याला बाजूला घेऊन, कानात. शेठनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट ही.

गिऱ्हाइकांचे नमुने काय सांगू! एक काकू साड्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढायला लावायच्या, म्हणजे जावेला भाव कळायला नको. आणि मग जावेच्या साडीचा भाव मला हळूच विचारायच्या. बावड्याचे एक अण्णा उन्हाळाभर दुपारी यायचे, पंख्याखाली बसायचे आणि उठताना रुमाल बघितल्यासारखं करायचे. एक दिवस खरंच घेतला. सगळ्या सेल्समननी टाळ्या वाजवल्या.

खाण्याची वस्तू म्हणाल, तर तेव्हा काउंटरवर फक्त गोळ्यांची एक बरणी असायची, सुट्ट्या पैशाला पर्याय म्हणून. ती सगळ्याच दुकानांत असायची. तिचा कुणाला त्रास नव्हता.

पुढं दोन हजार सालानंतर रॅक आला.

चॉकलेट-वेफर्सच्या एजन्सीचा एक सेल्समन होता, शिंदे नावाचा. गोड बोलणारा, कष्टाळू पोरगा. तोही घरातला पहिलाच बी.ए. त्यानं शेठना पटवलं. रॅक फुकट, वर जागेचं महिन्याला भाडं. बिलाच्या टेबलाला चिकटून तारांचा लालभडक रॅक उभा राहिला. खाली वेफर्सच्या पुड्यांच्या लडी, मध्ये चॉकलेटं, वर महागाचे डबे. शिंदे मला कौतुकानं समजावून सांगायचा, "मॅडम, खालच्या दोन ओळी पोरांच्या हाताला याय पायजेत. मधली ओळ आयांच्या डोळ्याला. वरचं कुणी घेत न्हाय, ते नुसतं शोभंला."

"आणि कापडाच्या दुकानात हे कोण घेणार?"

"तुमाला म्हाईत न्हाय. किराणा दुकानात माणूस किती थांबतोय? पैसं दिलं की चालला. बस्त्याचं बिल हुईपर्यंत पोरं तासभर हितंच लोंबकळत्यात. जितका बिलाला येळ, तितका माल खपतोय बघा."

त्याचं खरं ठरलं. रॅक धावायला लागला. गंमत अशी, की तोवर मी जलद बिलं करते म्हणून माझं कौतुक व्हायचं. आता मी भराभर बोटं चालवायला लागले की शेठ गादीवरून म्हणायचे, "अगं आरामात कर. इतनी घाई काय आहे?"

मला मात्र ते टेबल नकोसं व्हायला लागलं. रोज कुणीतरी पोर तिथं भोकाड पसरायचं आणि रोज एखादं पोर मार खायचं. साड्या बघताना हसणाऱ्या बाया बिलाशी आल्या की दात-ओठ खायच्या. "ठेव ते खाली! ठेव म्हणते न्हवं!" आणि धपाटा. चार माणसांत 'नाही' म्हणायची पाळी आणणारी ती जागा होती, आणि तिच्यामागं दिवसभर मी बसलेली.

जून महिन्यात एकदा एक माणूस मुलीला घेऊन आला. गवंड्याच्या हाताखालचा असावा, नखांत सिमेंट होतं. मुलीच्या शाळेच्या ड्रेसचं कापड आणि स्वतःला एक बनियन, एवढीच खरेदी. मी बिल करेपर्यंत पोरीनं खालच्या ओळीतलं चॉकलेट काढून छातीशी धरलं. ती रडली नाही, मागितलंही नाही. नुसती बापाकडं बघत राहिली. बापानं खिशात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग बनियन माझ्याकडं सरकवलं.

"हे राहू द्या मॅडम. घरात हायती."

त्याच्या शर्टाची वरची बटणं उघडी होती. आतलं बनियन जाळीसारखं झालेलं मला दिसत होतं. पोरगी चॉकलेट खात नाचत गेली. तिचा काय दोष? बापाचाही नाही. तो माणूस नंतर कधी दुकानात आला नाही. मी मात्र पुढचे किती दिवस त्याची वाट बघत होते.

त्याच संध्याकाळी मी शेठना म्हटलं, "हा रॅक बिलाच्या टेबलापासून काढा."

"का? उधार मागितलं कुणी?"

मी बनियनचं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण म्हणाले, "कांबळे, आपण कुणाच्या तोंडात घालतो का? जिसकी मर्जी वो घेतो. आणि भाडं येतंय. तू बिल कर."

मी तेव्हापासून दर महिन्याला विषय काढायची आणि शेठ दर महिन्याला "बघू" म्हणायचे. सेल्समन मला चिडवायचे, "मॅडम, आज रॅकची तारीख काय पडली?" मी म्हणायची, "पुढची." पण मी हट्ट सोडला नाही. इतक्या वर्षांत शेठकडं मी माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं. ही एक गोष्ट मला पाहिजे होती.

मग एका लग्नसराईत तो बस्ता आला.

नवरी कसबा बावड्याची, रूपाली नाव. वडील साखर कारखान्यात कामाला. मुलाकडचे कागलकडच्या एका गावचे, दूधदुभतं, ऊस, बरं घर. रूपाली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. साड्या बघता बघता मध्येच काउंटरशी येऊन मला विचारून गेली, "मॅडम, तुम्ही नोकरी करत शिकला का शिकून नोकरी?" लग्नानंतरही परीक्षा द्यायचं सासरच्यांनी कबूल केलंय, हे तिनं मला दोनदा सांगितलं. पोरगी हरखलेली होती.

सगळं झकास चाललं होतं. शालू पसंत पडला, मानाच्या साड्यांवरून कुणी रुसलं नाही. बस्ता बांधला, हळद-कुंकू झालं. बिल काढायला लागले आणि नेमका प्रिंटरमध्ये कागद अडकला. मी तो सोडवत बसले. इकडं पोरांना रॅक सापडला. दोन्हीकडची मिळून बारकी पोरं भरपूर. एकानं पुडा फोडला, मग सगळ्यांनी फोडले. आमची पद्धत अशी, की रिकामे कागद एका ट्रेमध्ये गोळा करायचे आणि शेवटी बिलात घालायचे. ट्रे भरून वाहायला लागला.

दुसरी पार्टी खोळंबली होती. शेठ घाईत होते. ते गादीवरून मोठ्यानं म्हणाले, "कांबळे, बच्चों का खाऊ कुणाच्या बिलात घेतलास?"

तीस वर्षं बस्ते विकलेला माणूस, पण तोंडातून गेलं. सेल्समन हातातली साडी तशीच धरून थांबला.

बोलणीत सगळं ठरलं होतं, अगदी टोप्यासुद्धा. पण वेफर्सचं कुणी ठरवलं नव्हतं.

रूपालीची आत्या पटकन बोलली, "आमची दोनच पोरं हायत. बाकीची कुणाची त्येंनी बघावं की."

मुलाचा मामा उठला. "म्हंजे? आमची पोरं उपाशी आल्यात व्हय?"

"उपाशी कोण म्हणालंय? मी सकाळपास्नं बघतीय, हात काय थांबंनात एकेकाचं."

"हावरट म्हणा की सरळ!"

"मी न्हाय म्हणाले. तुमीच म्हणालासा."

रूपालीचे वडील हात जोडून मध्ये आले. "पावणं, ऱ्हाऊ द्या. सगळं माझ्या बिलात घाला."

"उपकार नगोत तुमचं! आजच ही तऱ्हा, म्होरं काय व्हायचं? सोडा तो बस्ता. आमचं कापड आमी घेऊन जातो."

मामानं गाठोड्याकडं बोट केलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. रूपाली भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. नवरा मुलगा खाली बघत होता. मामा पुढं झाला आणि गाठीला हात घालणार, तेवढ्यात मी काउंटरच्या बाहेर आले. कशी आले, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या भांडणात मी कधी पडले नव्हते. मी गाठोड्यावर हात ठेवला.

"मामा, थांबा. बिल झालंय का?"

"काय?"

"बिल झालेलं न्हाय. बिल होईपर्यंत ह्यो माल दुकानाचा. दुकानाच्या मालाला हात लावायचा न्हाय."

मामा गोंधळला. भांडायला तयार होता, पण असल्या मुद्द्यावर नव्हे. मी तेवढ्यात पुढचं बोलून घेतलं. "आणि खाऊ कुणाच्याच बिलात न्हाय. बस्त्याला आलेल्या पोरांचा खाऊ दुकानाकडनं असतोय. शेठ इसरले."

असं काही आमच्या दुकानात कधीच नव्हतं. सगळ्यांच्या माना शेठकडं वळल्या. मीही बघत होते. शेठनी 'नाही' म्हटलं असतं, तर बस्ताही गेला असता आणि माझी नोकरीही. शेठनी माझ्याकडं बघितलं, रूपालीकडं बघितलं, मग गाठोड्याकडं.

"हां," ते म्हणाले. "दुकानाकडून. मी विसरलो."

मुलाची आज्जी कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "मग मघाशी इच्यारलासा कशाला वो?"

"वय झालं, आज्जी."

"माझ्यापरास म्हातारा हाईस व्हय रं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मामा अजून फुरफुरत होता. तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "मामा, लग्न कशावरनं मोडलं म्हणून गावात सांगायचं? वेफर्सच्या पुड्यावरनं?"

"आनी मी कॉलेजात काय सांगू?" भिंतीकडून रूपालीचा आवाज आला. बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

आज्जी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला पाणी द्यायला पहिली धावली ती आत्याच. मामा खाली बसला. मी जागेवर जाऊन प्रिंटरमधला कागद ओढून काढला आणि बिल केलं. बिल बरोबर आलं.

पार्टी गेल्यावर शेठ माझ्या टेबलाशी आले. मग म्हणाले, "कांबळे, ये कौनसा रिवाज है, बस्त्याचा खाऊ दुकानाकडून?"

"आजपासनंचा, शेठ."

"रोज पाळला तर माझं दुकान बसंल."

"मग रॅक काढा. रिवाजाची गरजच पडणार नाही."

त्यांनी रागानं बघितलं आणि मग हसायला लागले. "इतने साल में मी तो प्रश्न कधी मोठ्यानं विचारला नव्हता. त्या रॅकनं विचारायला लावला."

दुसऱ्याच दिवशी शेठनी शिंदेला रॅक न्यायला बोलावलं. तो आला तो तोंड पाडूनच. शेठना म्हणाला, "महिन्याचं भाडं जाईल तुमचं." शेठ म्हणाले, "आणि बस्ता गेला तर ते कोण भरून देणार? तुझी कंपनी?" तो माझ्याकडं वळला. "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पर माझं टार्गेट?" त्याचा सगळ्यात जास्त माल खपवणारा रॅक मी घालवला होता आणि तोही माझ्यासारखाच वर आलेला पोरगा होता. ती रुखरुख अजून आहे. पुढं त्यानं वह्या-पुस्तकांची एजन्सी धरली. अधूनमधून दुकानात येतो आणि "कुणाचं पोट मारून बसलाय मॅडम आज?" म्हणून हसतो.

रूपालीच्या लग्नाला शेठ आणि मी दोघंही गेलो. पंगतीत जिलेबी वाढायला कोण, तर तोच मामा. ताटात ढीग घातला आणि म्हणाला, "खावा मॅडम. ही कुणाच्याबी बिलात न्हाय!" रूपालीनं पुढं परीक्षा दिली, पास झाल्याचं दुकानात येऊन सांगून गेली. मुलाची आज्जी तिला कॉलेजच्या एस.टी.पर्यंत सोडायला यायची म्हणे.

रॅक गेल्यावर पोरांचं रडणं लगेच थांबलं असं नाही. तासभर ताटकळलं की पोर कशाला ना कशाला रडतंच. तेव्हा मी शेठना दुसरी गोष्ट मागितली: दुसरा कॉम्प्युटर आणि चांगला प्रिंटर. या वेळी त्यांनी "बघू" म्हटलं नाही. दुसऱ्या टेबलावर मी पेठेतल्याच एका हमालाची मुलगी घेतली. तीही शिकलेली. आम्ही सेल्समनना सांगून ठेवलं, की कापड पसंत पडेल तसं लगेच टेबलाकडं कळवायचं, शेवटी ढीग आणून टाकायचा नाही. बस्ता बांधून हळद-कुंकू होईपर्यंत इकडं बिल तयार असायला लागलं.

आता कोल्हापुरात कुठंही जा: औषधाच्या दुकानात, चपलांच्या दुकानात, मोबाईलच्या दुकानात, मोठमोठ्या मॉलमध्ये, पैसे द्यायच्या जागी तसाच रॅक उभा असतो, खालची ओळ पोरांच्या हाताला येईल अशी. त्या सगळ्यांशी भांडायला मी कुठं जाऊ? मला माझं टेबल होतं.

आज मी त्या दुकानाची मॅनेजर आहे. मंगळवार पेठेत आमची दुसरी शाखा निघाली, तिचंही मीच बघते. दोन्हीकडं बिलाच्या टेबलावर खाण्याची एकही वस्तू नाही. तिथं फक्त बिल होतं, आणि ते लवकर होतं.